परक्या शहरांतील कोरियन वस्त्या

एखाद्या मोठ्या परदेशी शहरांतून हिंडतांना आपण रस्त्याचें एक वळण घेतों आणि दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरें एकाएकीं बदलतात. लहान वर्तुळें, चौकोन आणि उभ्या-आडव्या रेघा यांची गुंफण असलेली ती लिपि कोरियाची. दारांतल्या बरण्यांत मिरची-लसूण लावून आंबविलेल्या भाज्या, म्हणजे किमची, भरून ठेवलेली असते. खाणावळींतून मांस भाजल्याचा वास येत असतो. जगांतील कितीतरी शहरांत असा एखादा भाग आज आढळतो, आणि पाहणारा सहज म्हणून जातो कीं, एक कोरियन वस्ती पाहिली म्हणजे सगळ्या पाहिल्या.

ही समजूत कितपत खरी, हें आज आपल्याला पाहावयाचें आहे. त्यासाठीं मी चार शहरें निवडलीं आहेत: जपानमधील ओसाका, उझबेकिस्तानांतील ताश्कंद, ब्राझीलमधील साओ पाउलो आणि अमेरिकेंतील लॉस एंजेलिस. प्रत्येक ठिकाणीं आपण दोनच प्रश्न विचारूं. हे लोक येथें कोणत्या दारानें आले? आणि आल्यावर त्या शहरानें त्यांना काय होऊं दिलें?

प्रथम ओसाका. जपाननें १९१० सालीं कोरिया आपल्या राज्याला जोडला. पुढें कोरियांतील कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी हातच्या गेल्या. आणि ओसाका हें तर गिरण्या-कारखान्यांचें शहर, त्याला स्वस्त मजूर हवेच होते. १९२० नंतर लवकरच दक्षिणेकडील जेजू बेट आणि ओसाका यांच्यामध्यें थेट आगबोट सुरू झाली. त्या बोटीनें आलेले लोक शहराच्या पूर्वेकडील इकाइनो नांवाच्या सखल भागांत राहूं लागले. तेथें रबराचीं पादत्राणें, कांचेच्या वस्तू, धातूचे सुटे भाग असलें काम चाले. कित्येकांच्या घरांतच कारखाना आणि कारखान्यांतच संसार.

१९४५ सालीं युद्ध संपलें तेव्हां जपानांत सुमारें वीस लक्ष कोरियन होते. बहुतेक मायदेशीं परतले. सहा लक्षांच्या आसपास मागें राहिले. गांवीं परतून खावयाचें काय, हा प्रश्न होताच. त्यांतच १९४८ सालीं जेजू बेटावर उठाव झाला आणि तो इतक्या निर्दयपणें चिरडण्यांत आला कीं, बेटावरील कित्येक माणसें जीव वांचविण्यासाठीं चोरवाटेनें पुन्हां ओसाकाला आलीं. पुढें २८ एप्रिल १९५२ रोजीं जपानचा शांतता-तह अंमलांत आला आणि त्याबरोबरच या सर्वांचें जपानी नागरिकत्व संपलें. कालपर्यंत जे सम्राटाचे प्रजाजन म्हणून राबविले गेले, ते एका दिवसांत परके ठरले. जपानांत नागरिकत्व जन्मस्थळावरून ठरत नाहीं, तें आईबापांवरून ठरतें. म्हणून त्यांचीं मुलें आणि नातवंडें ओसाकांतच जन्मूनहि परकीं राहिलीं. कित्येकांनीं दोन नांवें बाळगलीं: शाळेसाठीं आणि नोकरीसाठीं जपानी, घरच्यासाठीं कोरियन. कायम वास्तव्याचा खास हक्क त्यांना १९९१ च्या कायद्यानें मिळाला. इकाइनो हें नांव तर १९७३ सालीं पत्त्यांच्या नव्या रचनेंत नकाशावरूनच नाहींसें झालें.

आज हा भाग इकुनो या पेठेंत मोडतो. पेठेच्या दर पांच रहिवाशांमागें सुमारें एक परदेशी नागरिक आहे, आणि जुन्या बाजाराच्या गल्लींत कोरियन खाद्यपदार्थ व प्रसाधनें घेण्यासाठीं जपानी तरुण-तरुणींची रीघ लागते. परंतु याच भागांतील त्सुरुहाशी स्थानकाजवळ २०१३ सालीं कोरियनांच्या कत्तलीची भाषा करणारी निदर्शनें झालीं, हेंहि विसरतां येत नाहीं. अशा द्वेषाच्या भाषेला आळा घालणारा नियम ओसाका शहरानें २०१६ सालीं केला, आणि त्याच वर्षीं राष्ट्राचा कायदाहि आला.

आतां ओसाकाहून मध्य आशियांत जाऊं. ताश्कंदचे कोरियन आपखुषीनें आलेले नाहींत. कोरियाच्या उत्तर टोंकाचे शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सीमा ओलांडून रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर वसले होते. १९३७ सालीं स्टालिनच्या राजवटीनें त्यांच्यावर जपानचे हेर होण्याचा संशय घेतला, आणि सुमारें १,७२,००० माणसें आगगाडीच्या डब्यांत घालून हजारों मैल दूर कझाकस्तान आणि उझबेकिस्तान येथें नेऊन सोडलीं. वाटेंत आणि पहिल्या हिवाळ्यांत पुष्कळ लोक दगावले. मुलें व वृद्ध त्यांत अधिक. जे जगले त्यांनीं ओसाड, दलदलीच्या जमिनीवर कालवे काढून भात पिकविला. १९३८ पासून कोरियन शाळांतून कोरियन भाषेची जागा रशियन भाषेनें घेतली, आणि स्टालिनच्या मृत्यूपर्यंत मनास येईल तेथें जाऊन राहण्याची त्यांना मोकळीक नव्हती. ती मिळाल्यावर मुलें शिकण्यासाठीं शहरांत आलीं. कोणी शिक्षक झालीं, कोणी डॉक्टर, कोणी इंजिनियर.

ताश्कंदच्या कुइल्युक बाजारांत आज कोरियन बायका एक पदार्थ विकतात. त्यांत या लोकांची सारी कथा सांठविलेली आहे. किमचीला लागणारी लांब पानांची कोबी या मुलखांत मिळेना, तेव्हां त्यांनीं गाजरें बारीक लांब चिरून त्यांना लसूण, मिरची, धणे आणि शिर्का लावला. हें कोरियन गाजर जुन्या सोव्हिएत मुलखांत घरोघर माहीत आहे. कोरियांत मात्र तें कोणी ओळखत नव्हतें. भाषेचेंहि तसेंच झालें. नव्या पिढीच्या तोंडीं रशियन आहे आणि आजीची बोली स्वयंपाकघरांतल्या शब्दांपुरती उरली आहे. ओसाकाच्या कोरियनाला नागरिकत्व नव्हतें. ताश्कंदच्या कोरियनाला तें होतें, पण त्याचें मोल त्यानें घर आणि भाषा देऊन भरलें.

साओ पाउलोची गोष्ट थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १९६३ सालीं कोरियन सरकारच्या संमतीनें कांहीं कुटुंबें शेती करण्यासाठीं म्हणून ब्राझीलला आलीं. त्यांतले बहुतेक शहरांत वाढलेले. जमीनहि सांगितल्यासारखी मिळाली नाहीं. ते साओ पाउलोस परतले आणि कपडे शिवून दारोदार विकूं लागले. बोम रेतिरो या पेठेंत त्या वेळीं कापडाचा धंदा यहुदी व्यापाऱ्यांच्या हातीं होता. पुढें ते व्यापारी दुसऱ्या पेठांत गेले तशीं त्यांचीं दुकानें कोरियनांनीं घेतलीं. आणि आतां कोरियन मालकांच्या शिलाईखान्यांतून बोलिव्हियाहून आलेले कारागीर यंत्रावर बसलेले दिसतात. पेठ तीच, धंदाहि तोच. माणसें मात्र एकामागून एक आलीं आणि पायरीपायरीनें वर चढलीं. सर्वांत खालच्या पायरीवर जो बसतो त्याचें दुःख मात्र दर वेळीं सारखेंच असतें.

शेवटीं लॉस एंजेलिस. अमेरिकेनें १९६५ सालीं राष्ट्रावरून माणसांची संख्या ठरविण्याचा जुना कायदा रद्द केला आणि शिकलेल्या कोरियनांना दार उघडलें. पण कोरियांतील पदवी तेथें सहजासहजीं चालेना; शिवाय भाषेची अडचण. मग कित्येक पदवीधर दुकानदार झाले. पेढी कर्ज देईना तेव्हां 'ग्ये' उपयोगी पडली. ही ग्ये म्हणजे आपल्याकडील भिशीच: दहा-वीस जणांनीं दरमहा पैसे जमवावयाचे आणि पाळीपाळीनें एकेकानें सगळी रक्कम उचलावयाची, सारा व्यवहार विश्वासावर. १९७१ सालीं ऑलिंपिक बुलेव्हार्ड या रस्त्यावर ली ही-दुक या गृहस्थांनीं किराणा मालाचें दुकान उघडलें, त्याच्याभोंवतीं इतर दुकानें आलीं आणि १९८० सालीं शहरानें त्या भागाला अधिकृतपणें 'कोरियाटाउन' हें नांव दिलें.

तरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या पेठेंत बहुसंख्य रहिवासी कोरियन नाहींत. लॅटिन अमेरिकेंतून आलेलें कुटुंब तेथें अधिक आढळतें. कित्येक कोरियनांचें दुकान एका वस्तींत आणि घर दूरच्या उपनगरांत, अशी स्थिति होती. शहराच्या दक्षिणेकडील गरीब कृष्णवर्णीय भागांतहि त्यांचीं पुष्कळ दुकानें होतीं. तेथें १९९१ च्या मार्चमध्यें, रसाच्या एका बाटलीवरून वाद होऊन, कोरियन दुकानदारिणीनें पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला पाठमोरी असतां गोळी घातली. न्यायालयानें त्या बाईला दोषी ठरविलें, पण तुरुंगांत धाडलें नाहीं. पुढच्या वर्षीं, २९ एप्रिल १९९२ रोजीं, एका कृष्णवर्णीय मोटारचालकाला बेदम मारणारे पोलीस निर्दोष सुटले आणि शहर पेटलें. साठांहून अधिक माणसें मेलीं. दोन हजारांहून अधिक कोरियन दुकानें लुटलीं वा जाळलीं गेलीं. नुकसान सुमारें चाळीस कोटि डॉलर. कोरियाटाउनमधून मदतीसाठीं हांका जात होत्या आणि पोलीस येत नव्हते. कांहीं दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर उभे राहिले. कोरियन लोक त्या दिवसाला केवळ 'सा-इ-गु' म्हणजे 'चार-दोन-नऊ' म्हणतात. तारीख हेंच त्याचें नांव. परंतु २ मे रोजीं याच पेठेंतून हजारों माणसांचा शांतता-मोर्चा निघाला, आणि शहराच्या कारभारांत आपला आवाज नाहीं ही जाणीव तरुण पिढीला तेव्हांपासून लागून राहिली. दुकान चालविणें आणि शेजार करणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा दोन्ही बाजूंना फार महाग पडला.

श्रोतेहो, चारी ठिकाणीं पाटीवरील अक्षरें एक आहेत, पण वस्ती एक नाहीं. ओसाकाची वस्ती साम्राज्यानें घडविली, ताश्कंदची हद्दपारीनें, साओ पाउलोची फसलेल्या बेतानें आणि लॉस एंजेलिसची परवान्यानें. तिचें रूप कोरियाच्या मातींतून जितकें आलें, तितकेंच त्या त्या शहराच्या कायद्यांतून आणि शेजाऱ्यांच्या वागणुकींतून आलें.

याचा ताळा पाहावयाचा असेल तर खुद्द कोरियांतच जावें. दक्षिण कोरियांतील ग्वांगजू शहरांत वोल्गोक नांवाच्या भागीं मध्य आशियांतून परतलेल्या कोरियनांची वस्ती आहे. १९३७ सालीं हाकललेल्यांचीं तीं नातवंडें-पतवंडें. १९९१ नंतर सोव्हिएत संघ मोडला, कामधंदा बसला, आणि तीं पूर्वजांच्या देशीं आलीं. तेथील दुकानांच्या पाट्या रशियन लिपींत आहेत आणि भट्टींत उझबेकी रोटी भाजली जाते. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें तेव्हां तेथून पळालेल्या आपल्या जातभाईंना या वस्तीनें वर्गणी काढून विमानाचीं तिकिटें पाठविलीं आणि आसरा दिला. चेहरा कोरियाचा आणि जीभ रशियन, म्हणून पूर्वजांच्या भूमींतहि हे लोक परदेशीच समजले जातात. यापुढें एखाद्या शहरांत परक्या अक्षरांची पाटी दिसली, तर त्या अक्षरांइतकीच चौकशी त्या शहराचीहि करावी.