भुताच्या घराचं मूल्यांकन

बँकेत होतो तेव्हा कर्जापोटी तारण द्यायची घरं पाहायला जावं लागे. भिंतीला हात लावून ओल किती ते बघायचं, वासे ठोकून पाहायचे, मग कागदपत्रं. कोकणातल्या एका शाखेत असताना असंच एक जुनं घर पुढं आलं. गावात त्याला 'झपाटलेलं' म्हणत. तिन्हीसांजेनंतर त्या वाटेनं कुणी जात नसे. सर्च रिपोर्ट काढला तेव्हा कळलं, वारस सात आणि दावे तीन. घरात रात्री दिवा का लागत नाही, याचं उत्तर दिवाणी न्यायालयात पडून होतं.

हे आठवायचं कारण एक मालिका. 'द हॉण्टिंग ऑफ हिल हाउस'. २०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेली ही दहा भागांची अमेरिकन भयमालिका मुलीनं आग्रहानं पाहायला लावली. दहाच भाग! वर्षानुवर्षं सासू-सुना पाहिलेल्या माणसाला आधी हे खरंच वाटत नाही. माइक फ्लॅनगननं सगळे भाग स्वतः दिग्दर्शित केलेत. मूळ कादंबरी शर्ली जॅक्सन यांची, १९५९ची. तीत भुतांचा अभ्यास करायला जमलेली परकी माणसं आहेत. फ्लॅनगननं त्यांतली काही नावं उचलली आणि त्यांची सख्खी भावंडं केली. माझ्या मते इथंच त्यानं बाजी मारली. परक्या माणसाला भुताच्या घरातून पळून जाता येतं. भावंडं पळाली तरी दिवसकार्याला पुन्हा एकत्र यावंच लागतं.

गोष्ट १९९२च्या उन्हाळ्यात सुरू होते, आणि सुरुवात अगदी व्यवहाराची आहे. ह्यू आणि ऑलिव्हिया क्रेन हे जोडपं पाच मुलांना घेऊन एका अवाढव्य जुन्या घरात राहायला येतं. घर स्वस्तात घ्यायचं, डागडुजी करायची, चढ्या भावानं विकायचं आणि त्या पैशांतून स्वतःचं कायमचं घर बांधायचं, असा त्यांचा बेत. ऑलिव्हिया आराखडे काढणारी. त्या भावी घराचे नकाशे तिच्या टेबलावर पडलेले असतात. मग भिंतींत काळी बुरशी सापडते. एक भिंत फोडली की पुढची. खर्च वाढतो, मुदत लांबते, आणि घर सोडून निघावं तर सगळी पुंजी तिथंच अडकलेली. पडद्यावर ती बुरशी दिसली तेव्हा कुठल्याही भुतापेक्षा मी जास्त दचकलो. अशी ओल मी पुष्कळ पाहिली आहे, आणि तिच्यापायी बुडालेली माणसंही.

एका रात्री बाप मुलांना गाडीत कोंबून पळतो. आई मागं राहते आणि मरते. त्या रात्री नक्की काय झालं, हे तो मुलांना पुढं सव्वीस वर्षं सांगत नाही.

भुतं आहेतच. पण बऱ्याच प्रसंगांत ती मागं, दाराआड, जिन्याखाली नुसती उभी असतात. कॅमेरा त्यांच्याकडं वळत नाही, संगीत किंचाळत नाही. आपलं लक्ष गेलं तर गेलं. (लहान मुलांना मात्र शेजारी बसवू नये.)

थोरला मुलगा स्टीव्हन लेखक होतो. घरावर पुस्तक लिहितो, ते भरपूर खपतं. गंमत अशी, की त्याचा भुतांवर विश्वास नाही. आपण काही पाहिलं नाही असंच तो मानतो. पाहिलं ते धाकट्यांनी, भोगलंही त्यांनीच. बहीण शर्ली त्या पुस्तकातला वाटा नाकारते, पण तिचा नवरा तिच्या पाठीमागं पैसे घेतो, आणि हे उघड होतं धाकट्या बहिणीच्या शवपेटीसमोर. हा सहावा भाग. बाहेर वादळ, आत कुटुंब, आणि सारा भाग जवळजवळ पाच लांबलचक सलग तुकड्यांत चित्रित केलेला. भांडणात मध्येच उठून जायला कुणाला जागाच राहत नाही.

तिथं मी मालिका थांबवली. माझी पहिली कादंबरी आमच्या वाड्यावर होती. तिच्यातली म्हातारी म्हणजे आमची आई. आईचं शेवटचं वर्ष ताईनं काढलं, मी तेव्हा बदलीच्या गावी. कादंबरीत मात्र सगळं अंथरुणाजवळ बसून पाहिल्यासारखं लिहिलं होतं. लोकांना तेच प्रकरण फार आवडलं. ताईला पुस्तक नेऊन दिलं तर तिनं उघडलंही नाही. "तू होतास कुठं तेव्हा?" एवढंच म्हणाली. ती सेवा मी तिच्याकडून न विचारता उचलली होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. मानधनाचा चेक मात्र माझ्याच नावावर जमा झाला होता.

त्या रात्री साडेनऊला ताईला फोन केला. गुडघे, पाऊस, भाचीची नोकरी झाल्यावर तिनं विचारलं, "सध्या काय पाहतोस?"

"भुताच्या घराची मालिका आहे एक. भावंडांची."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "घर कुणाच्या नावावर आहे त्यात?"