अडलेल्या मिनिटांची वही

सकाळी ८. शटर वर केलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि चहा सांगून आलो. चहा संपला तरी पडद्यावरचं चाक फिरतच होतं. वहीत लिहिलं : ६ मिनिटं.

ही वही आजपासूनची. जानेफळात लग्नांचे फोटो काढायचे आणि अल्बम करायचे, हा माझा धंदा. तुळशीचं लग्न झालं की आमचं रात्रंदिवस सुरू. यंदा नवा डेस्कटॉप घ्यायचाच आहे, पण दुकानात जाऊन 'फोटोशॉपसाठी पाहिजे' म्हटलं की आधी रंगीत दिव्यांचे पंखे दाखवतात. म्हणून ठरवलं, दिवसभरात मशीन कुठे अडतं ते आपणच टिपायचं.

साडेआठ. कालच्या लग्नाची ६४ जीबीची दोन कार्डं. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाईल २५-३० एमबीची, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत फोटो चार हजारांवर. एकेका कार्डाला अर्धा तास. दोन्ही मिळून ६१ मिनिटं. तोवर स्टुडिओ झाडून घेतला.

दहा. निवड. फोटो उघडला की आधी धूसर, मग स्पष्ट. दोन सेकंदच लागतात, पण शेकडो वेळा. मध्येच भरतीचा फॉर्म भरणारा एक पोरगा आला. त्याला ५० केबीच्या आतला फोटो हवा होता. एका रॉ फाईलमध्ये असे पाचशे बसतील! त्याचं काम मात्र पटकन झालं. वहीत : २२ मिनिटं.

बारा. आता खरी कसोटी, अल्बमचं पान. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय. म्हणजे ३६०० गुणिले १०८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येकाला तीन रंगांचे तीन बाइट. एक पूर्ण लेअर ११७ एमबीचा. पार्श्वभूमी, फोटो, सावल्या, फुलांच्या वेली धरून पंधरा लेअर झाले की पावणेदोन जीबी. पीएसडी फाईल २ जीबीपुढे जात नाही, मग पीएसबीत सेव्ह करावी लागते. माझ्याकडे रॅम ८ जीबी. ती भरली की फोटोशॉप उरलेलं डिस्कवर लिहायला लागतं, आणि माझी डिस्क जुनी, फिरणारी. टास्क मॅनेजर उघडून पाहिला : मेमरी ९४ टक्के, डिस्क १००, प्रोसेसर मात्र २० वर निवांत. आजवर शिव्या मी प्रोसेसरलाच देत होतो. ४३ मिनिटं.

दीड. लाईट गेली. यूपीएस कोकलतोय आणि सेव्हची पट्टी ३८ टक्क्यांवर. काळजाचं पाणी झालं. ९ मिनिटांनी सेव्ह संपलं आणि लगेच मशीन बंद केलं. भाकरी-झुणका खाऊन घेतला. नवं मशीन जास्त वीज खाणार, तेव्हा यूपीएसही त्या मापाचा लागेल. कोटेशनमध्ये तो कधी नसतो.

तीन. लाईट आली, आणि मागच्या महिन्यातल्या नवरीची आई अल्बम घेऊन आली. "काहो भाऊ, शालू त डाळिंबी होता, हा इटकरी कसा दिसून रायला?" माझ्या मॉनिटरवर तो डाळिंबीच दिसत होता. चूक मॉनिटरची. मान थोडी हलवली तरी त्याचा रंग बदलतो. आयपीएस पॅनेल, पूर्ण एसआरजीबी आणि वर्षातून दोन-तीनदा कॅलिब्रेशन एवढं हवंच. त्याहून महागडा अ‍ॅडोबी आरजीबीवाला मला नको, कारण लॅब फाईल एसआरजीबीतच मागते. ते पान फुकट छापून द्यावं लागणार. हा खर्च मिनिटांत कसा लिहू?

पाच. पुण्याचा भाचा फोनवर : "मामा, ग्राफिक कार्ड मोठं घ्या." कापणं, जोडणं, रंग सुधारणं यात मोठ्या कार्डाचा फारसा उपयोग नाही. मात्र लाईटरूममध्ये २०२३ला डिनॉइज आलं, मंडपातले काळोखे, दाणेदार फोटो साफ करणारं. ते कार्डावर चालतं. म्हणून ८ जीबीचं मधलं कार्ड पुरे. त्यातून वाचलेला पैसा रॅममध्ये. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे ६४चा मोह सोडला. १६-१६च्या दोन पट्ट्या, आणि बोर्डावर दोन जागा रिकाम्या. फोटोशॉपची बरीच कामं मोजक्याच कोअरवर चालतात, तेव्हा कोअर थोडे कमी चालतील, वेगवान हवेत. विंडोज आणि चालू कामाला १ टीबीची एनव्हीएमई, जुन्या लग्नांना साधी मोठी हार्ड डिस्क, आणि तिची एक नक्कल घरी.

जुन्यातच रॅम वाढवता आली असती, पण त्याचा बोर्ड १६च्या पुढे घेत नाही, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

आठ. बेरीज : १४१ मिनिटं. यादी अकोल्याला पाठवली, शेवटी 'दिव्याचे पंखे नकोत' लिहून. मग पुन्हा वही पाहिली. १४१पैकी ६१ एकट्या कार्डांची. टेबलाखाली वाकून पाहिलं, तर माझा स्वस्तातला जुना यूएसबी २चा रीडर काळ्या पोर्टात, आणि शेजारचं निळं, यूएसबी ३चं पोर्ट धूळ खात पडलेलं.

रीडर उद्या सकाळी मेहकरहून आणतो.