खेळ मध्येच थांबवायचा हक्क कुणाचा?

पेटची तयारी करताना संशोधन-नीतीचा धडा आपण सगळेच पाठ करतो. माहितीपूर्ण संमती, गोपनीयता, माघार घेण्याचा हक्क. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखता येतो, मार्क मिळतात. पुढे प्रत्यक्ष माणसं समोर बसली की प्रश्न येतो तो वेगळाच. याने सही केली आहे, ठीक. पण आत्ता, या क्षणाला, याची संमती आहे का? उत्तर शोधायला आज टेबलाभोवती फासे टाकत बसलेल्या लोकांकडे जाऊ.

टेबलावरचा रोल-प्लेइंग गेम ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, तिथून हा प्रकार पसरला. चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि एक जण गेम मास्टर. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, जमलं की नाही ते फासा ठरवतो. संहिता नसते. पनवेलला आमचाही असा एक गट आहे. ज्याच्या घरचे गावाला गेलेत त्याच्या घरी रविवारी दुपारी भरतो. गोष्ट कुठे जाईल हे कुणालाच माहीत नसतं, आणि मजा तिथेच आहे.

अडचणही तिथेच आहे. सिनेमाला जाताना निदान प्रमाणपत्र दिसतं. इथे तुम्ही कशाला ‘हो’ म्हणताय? गोष्ट भुताची ठरली होती, पण तिसऱ्या तासाला गेम मास्टरने त्यात एक आजारी मूल आणलं, आणि टेबलावरच्या एकाच्या घरी खरंच तशी परिस्थिती आहे. त्याने खेळायला संमती दिली होती. या प्रसंगाला दिली होती का? देणार कशी, प्रसंग तर आत्ता जन्माला आला!

हे नीट समजायला समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांचं ‘शेअर्ड फँटसी’ (१९८३) उपयोगी पडतं. फाइन स्वतः अशा गटांत बसून खेळले आणि त्यांनी अर्व्हिंग गॉफमन यांची ‘फ्रेम’ची कल्पना इथे लावली. टेबलावरचा प्रत्येक जण एकाच वेळी तीन चौकटींत असतो: खरा माणूस, नियम माहीत असलेला खेळाडू, आणि गोष्टीतलं पात्र. पात्राला तलवार लागली तर माणसाला काही होत नाही, हा खेळाचा पाया. पण भिंती पक्क्या नसतात. पात्राची भीती माणसात झिरपते आणि माणसाचे राग-लोभ पात्रातून बाहेर पडतात. या झिरपण्याला आता या क्षेत्रात ‘ब्लीड’ असाच शब्द रुळला आहे. कोण काय करतं ते या चौकटींत मांडून बघा. संमती देतो माणूस. ‘थांबा’ म्हणायचं काम खेळाडूचं. आणि इजा येते पात्राच्या वाटेने. ‘अरे, पात्राला बोललो, तुला नाही,’ हे वाक्य म्हणूनच इतकं सोयीचं असतं.

यावर खेळणाऱ्यांनीच उपाय काढले. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये ‘लाइन्स अँड व्हेल्स’ची कल्पना मांडली, आपण रेघा आणि पडदे म्हणू. रेघ म्हणजे ही गोष्ट आपल्या खेळात येणारच नाही. पडदा म्हणजे घडली तरी पडद्याआड, वर्णन नको. (दोन फुलं एकमेकांवर डुलवणाऱ्या आपल्या सिनेमावाल्यांना पडदा समजावून सांगायची गरज नाही.) २०१९ चं ‘कन्सेंट इन गेमिंग’ आणखी पुढे गेलं: विषयांची यादी, आणि प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा. हे दोन्ही आधी ठरवायचे उपाय, म्हणजे आपल्या संमतीपत्राचे भाऊबंद. यादीत नसलेलं जे येतं त्याला ते अपुरे पडतात.

त्यासाठी एक्स-कार्ड. जॉन स्टाव्रोपूलोस यांनी ते २०१३ च्या सुमारास मांडलं. साध्या कार्डावर फुली काढून ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं. कुणीही कधीही त्याला हात लावला की चालू असलेला भाग गोष्टीतून काढून पुढे जायचं. का, असं विचारायचं नाही. मला या सगळ्यात मोलाची वाटते ती ही शेवटची अट. कारण सांगायला लावलं, की जे टाळायचं होतं तेच चार जणांसमोर बोलावं लागतं.

नवीन वाटतंय? लंगडी-पकडापकडी खेळताना तुम्ही ‘टाइमप्लीज’ म्हणत होतात ना, तेच हे. चपलेचा अंगठा तुटला, गुडघा फुटला, दम लागला: टाइमप्लीज, आणि पकडणाऱ्याचा हात तिथेच थांबायचा. हे फक्त आपल्याकडे नाही. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने मुख्यतः ब्रिटनमधल्या सुमारे पाच हजार शाळकरी मुलांकडून जमवलेल्या साहित्यावर १९५९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात खेळ थांबवायच्या अशा शब्दांवर मोठा भाग आहे. ‘बार्ली’, ‘फेनाइट्स’, ‘स्किंच’... प्रदेश बदलला की शब्द बदलतो, सोय तीच. आपल्याकडे जोडीला ‘कच्चा लिंबू’ही आहे: लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. एकाच डावात एकासाठी वेगळी मर्यादा, बाकीच्यांचा खेळ चालू. फक्त कच्चा लिंबू कोण हे इतर ठरवतात आणि त्यात थोडी हेटाळणी असते; रेघ आणि पडदा ज्याचा त्याने मागायचा असतो.

टाइमप्लीजला एक शत्रूही होता, आठवतो? ‘रडीचा डाव!’ थांबण्याचा हक्क नियमात होता, पण वापरला की किंमत मोजावी लागायची. संमतीचा अभ्यास करताना हक्क कागदावर आहे का, इथेच आपण थांबतो. विचारायचं असतं ते हे की, तो वापरला तर माणसाला काय किंमत पडते.

ही किंमत किती चढू शकते ते बघायला मराठीत एक जबरदस्त उदाहरण आहे. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, १९६७ मध्ये रंगायनने केलेलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारेबाई सुलभा देशपांडे. आपण ते स्त्रीवरच्या अन्यायाचं नाटक म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. या वेळी मात्र एका रोल-प्लेची नोंद म्हणून वाचा. हौशी नटांची मंडळी प्रयोगासाठी गावात आलीये, रात्रीपर्यंत वेळ घालवायचाय, गावातल्या सामंताने कोर्ट पाहिलेलं नाही. म्हणून खोटा खटला. बेणारे आत गेलेली असताना बाकीचे ठरवतात की आरोपी तीच, आणि आरोप भ्रूणहत्येचा. म्हणजे भूमिका वाटली गेली तेव्हा ती खोलीतच नव्हती. आल्यावर ती थट्टेत सामील होते, हसते, कोट्या करते. पुढे ‘हिने भाग घेतलाच होता की’ म्हणायला एवढं पुरतं. सामंत तर हातातल्या कादंबरीतूनच साक्ष देतो, आणि ती बनावट साक्ष तिच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते. पात्राच्या चौकटीतले प्रश्न माणसाला लागायला लागतात. ती निघून जायला दाराकडे जाते, तर दार बाहेरून बंद! आणि सगळं संपल्यावर बाकीचे तिला समजावतात की हा तर खेळ होता. फाइनच्या तीन चौकटी हाताशी ठेवून दुसरा अंक पुन्हा वाचा. आरोप पात्रावर ठेवायचा, घाव माणसावर घालायचा आणि विचारलं तर खेळाडूच्या चौकटीत पळून जायचं, ही कसरत पानोपानी दिसेल.

त्या कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीत काशीकर असतात. खेळ थांबवू शकणारा माणूसच खेळात मुरलेला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्डच्या तुरुंग-प्रयोगातही रचना अशीच होती: संशोधक फिलिप झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. मधल्या ‘पॅरोल’च्या सुनावणीत बहुतेक कैदी-विद्यार्थी मानधन सोडायला तयार होते, तरी कोठडीत परत जा म्हटल्यावर गेले. त्या प्रयोगाच्या निष्कर्षांवर पुढे भरपूर टीका झाली आहे, ते जसेच्या तसे घेऊ नका. पण दार उघडं असणं आणि ते उघडं आहे असं आतल्याला वाटणं, यातलं अंतर त्यात दिसतं.

आता पद्धतीचा एक मुद्दा, कारण सिनॉप्सिस लिहिताना इथे घसरायला होतं. समजा तुम्ही वीस सत्रं पाहिली आणि एक्स-कार्डाला एकदाही हात लागला नाही. निष्कर्ष काय? कार्डाची गरज नव्हती? की सगळ्यांना ते उचलायची भीती वाटत होती? आकडा दोन्हीकडे शून्यच. मी मूळचा रसायनशास्त्राचा, त्यामुळे मला यात ओळखीचा प्रश्न दिसतो: यंत्राने शून्य दाखवलं, तर नमुन्यात पदार्थ नाही की यंत्रालाच तो दिसत नाही? तिथे आपण नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात पदार्थ मिसळतो आणि यंत्र तो पकडतं का बघतो. स्पाइक म्हणतात त्याला. टेबलावरचा स्पाइक म्हणजे गेम मास्टरने सुरुवातीलाच एखाद्या किरकोळ गोष्टीवरून स्वतः कार्ड उचलून दाखवायचं. स्टाव्रोपूलोस यांच्या मांडणीतही हे आहे. कार्डाची ओळख करून देणारा सांगतो की बहुतेकदा ते मीच वापरतो. उचललं आणि आकाश कोसळलं नाही, कुणी रडीचा डाव म्हणालं नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं असेल तर नंतरच्या शून्याला थोडा अर्थ येतो.

हे आपल्या कामात कुठे येतं? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी कधीही माघार घेऊ शकतो आणि त्याबद्दल त्याचं नुकसान होता कामा नये. सात वर्षांपुढच्या मुलांची स्वतःची संमतीही पालकांच्या संमतीबरोबर घ्यायची असते. उत्तम. आता पनवेल तालुक्यातल्या एखाद्या गावात बचत गटाच्या आठ बायकांची गटचर्चा डोळ्यांसमोर आणा. सह्या झाल्यात. विषय आरोग्याचा, पण बोलता बोलता घरातल्या दारूवर येतो. एकीचा चेहरा उतरतो. ती उठून जाऊ शकते, नियम आहे. पण उठली की उरलेल्या सातजणींना कारण कळलंच, आणि उद्या पाण्यावर त्याच सातजणी भेटणार आहेत. तिच्यासाठी दार बाहेरून बंद आहे.

म्हणून चर्चेआधी प्रत्येकीला एकटीला विचारा, कोणता विषय नको, आणि तो कुणी सांगितला ते गटात फोडू नका. थांबवायची खूण अशी ठेवा की ती कुणी केली ते कळू नये; दर वीस मिनिटांनी विषय बदलायचाच असं आधी जाहीर केलं तर त्या आडोशाला कुणालाही सुटता येतं. पहिला प्रश्न तुम्हीच मागे घ्या, सगळ्यांदेखत. चर्चा घेणारा आणि थांबवणारा वेगळा ठेवा; सोबतच्या नोंद घेणाऱ्याला तो अधिकार आधीच देऊन ठेवा, कारण चर्चा रंगली की तुम्ही काशीकर झालेले असता आणि ते तुम्हाला कळत नाही. आणि नोंदवहीत ‘कोण किती वेळा बोलली’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: कोण कोणत्या विषयानंतर गप्प झाली.