गावातला कचरा उचलायचा धंदा: पैसा नेमका कुठे आहे?



"सर, कचऱ्यातून लाखो रुपये" अशी रील पाहून अनेक जण पहिला प्रश्न विचारतात, मशीन कुठलं घेऊ? थांबा. मशीन शेवटी येतं. आधी गावात कचरा कुठला निघतो ते बघा, मग वही-पेन घ्या.

ओल्या कचऱ्याच्या मागे लागू नका

शहरातलं मॉडेल गावात जसंच्या तसं चालत नाही. गावात उरलंसुरलं अन्न, भाजीचे देठ जनावरांना जातात, बाकीचं उकिरड्यावर. ते गाडीत भरून आणलंत तर वजन वाढेल, डिझेल जळेल आणि वासामुळे कामाला माणूस टिकणार नाही. ज्यांच्याकडे जनावरं नाहीत त्यांना परसात खड्डा किंवा नाडेप टाकी करायला सांगा. ही पद्धत आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची. टाकी साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. तीन-चार महिन्यांत खत तयार.

तुम्ही उचलायचा तो सुका कचरा. तो रोज नाही, आठवड्यातून दोनदा.

आता हिशोब

समजा, गावात ४०० घरं आहेत. महिना ५० रुपये फी ठेवली. सगळे देणार नाहीत, २८० घरं धरू. झाले १४,००० रुपये.

एका घरातून रोज १५० ग्रॅम सुका कचरा धरला, तर महिन्याला १,२६० किलो. त्यातला निम्माच विकला जातो, म्हणजे ६३० किलो. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा असा मिळून सरासरी १० रुपये भाव धरला, तर ६,३०० रुपये.

एकूण जमा २०,३००. खर्च? मदतनिसाचे १७ दिवस, ५०० रुपये रोजाने ८,५००. गाडीभाडं आणि डिझेल ६,०००. हातमोजे, गोण्या, किरकोळ १,५००. हातात राहिले ४,३००.

यात घर चालत नाही! पण जमेकडे परत बघा. भंगारापेक्षा फीचे पैसे दुपटीहून जास्त आहेत. म्हणजे तुमचा धंदा भंगाराचा नाही, सेवेचा आहे. गाडी ठरल्या वेळी आली नाही, तर पुढच्या महिन्यात फी बंद.

एक गाव नाही, तीन गावं

तीच गाडी शेजारच्या तीन गावांत फिरवा. प्रत्येकी दोन दिवस, आठवडा भरला. जमा ६०,९००. दोन मदतनीस २६,०००, गाडी १४,०००, किरकोळ ३,५००. शिल्लक १७,४००. शिवाय माल जास्त साठला की मोठा व्यापारी स्वतः टेम्पो पाठवतो आणि भावही बरा देतो.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या तालुक्यातल्या दोन भंगारवाल्यांकडून आजचे भाव घ्या आणि पुन्हा मांडा.

ग्रामपंचायतीशिवाय सुरुवात नको

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार गावातल्या प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आहे. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागायला जात नाही, त्यांचं काम सोपं करायला जाताय. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२० पासून) घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत निधीची तरतूद केली गेली. २,००० वस्तीच्या गावाला हे १,२०,००० होतात. लक्षात घ्या, हा पैसा ग्रामपंचायतीचा, तुमचा नाही. पण त्यातून शेड किंवा ढकलगाडी झाली, तर तुमचं भांडवल वाचतं. तुमच्या गावाचं काय झालं आणि सध्या काय चालू आहे, ते ग्रामसेवकांना विचारा.

ग्रामसभेचा ठराव आणि लेखी करार घ्या. फी किती, वसुली कोण करणार, वर्गीकरणाची जागा कुठली, हे त्यात हवंच.

तीन खड्डे, आधीच ओळखा

१. वेफर्स, गुटख्याची पाकिटं कुणी विकत घेत नाही. ती जाळायची नाहीत. वेगळी साठवा आणि तालुक्याच्या प्लास्टिक युनिटकडे देण्याची सोय करारातच लिहून घ्या.

२. डायपर, पॅड, सुया, फुटक्या काचा वेगळ्या बांधून द्यायला घराघरात सांगा. मदतनिसाचा हात कापला तर जबाबदार तुम्ही.

३. गांडूळखत करून पॅकिंगमध्ये विकायचं असेल, तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. आधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.

आणि गावातल्या जुन्या भंगारवाल्याशी स्पर्धा नको. त्याला माल ओळखता येतो, भाव कळतो. त्याला भागीदार करून घ्या.

या आठवड्याचं काम: २० घरं निवडा, प्रत्येकाला एक गोणी द्या. सात दिवसांनी गोण्या उघडा, माल वेगळा करा, वजन करा. मग वर दिलेला हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा. जमला, तर सरपंचांची भेट घ्या. नाही जमला, तरी २० गोण्यांच्या खर्चात मोठं नुकसान वाचलं!