यंदाचा वाढदिवस पुस्तकांचा करूया



गटाच्या बैठकीत कर्जाचे मागणी अर्ज येतात तेव्हा त्यातलं 'कारण' मी आवर्जून वाचते. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना ही कारणं नेहमीची. पण कधीकधी नुसतंच 'घरखर्च' लिहिलेलं असतं. जरा खोदून विचारलं की ताई हळूच सांगतात, "लेकराचा वाढदिवस हाय ओ. शेजारच्यांनी केला, आपण नाही केला तर पोरगं रुसतं."

ते खरंच आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. आपला वाढदिवस कुणी केलाच नाही, म्हणून लेकरांचा तरी करावा असं वाटणारच. त्यामुळे वाढदिवस करू नका असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त हिशोब एकदा मांडून बघू.

समजा, गटातून ८,००० रुपये घेतले. महिना शेकडा २ रुपये व्याज, मुद्दल दर महिन्याला ८०० रुपये, असे १० हप्ते. जसजशी मुद्दल फिटते तसतसं व्याज कमी होतं, तरी एकूण व्याज ८८० रुपये होतं. म्हणजे त्या एका संध्याकाळचे ८,८८० रुपये. केक रात्रीच संपला, फ्लेक्स आठवड्यात फाटला, साऊंडवाला पैसे घेऊन गेला. हप्ता मात्र दहा महिने चालू.

याच्याऐवजी घरच्या घरी, पाचशे रुपयांच्या आत, लेकराला वर्षानुवर्षं आठवेल असा वाढदिवस करता येतो. त्याची कल्पना सोपी आहे. एक गोष्ट निवडायची आणि सजावट, खाऊ, खेळ, भेट असं सगळं त्या गोष्टीतलंच ठेवायचं.

गोष्ट कोणती घ्यायची?

लेकराला आवडणारी. उदाहरण म्हणून आपण भोपळ्यात बसून येणाऱ्या म्हातारीची गोष्ट घेऊ, कारण ती आपल्या सगळ्यांना येते. वाळकी म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत कोल्हा, वाघ तिला खायला टपलेले. लेकीकडून जाडजूड होऊन येते असं सांगून ती सुटते. परत येताना भोपळ्यात बसून त्यांना चकवते. यात म्हातारी आहे, लेक आहे, जनावरं आहेत, पळापळ आहे. लहान मुलांना अजून काय पाहिजे?

पुस्तकातूनच गोष्ट घ्यायची असेल तर आधी जिल्हा परिषद शाळेत गुरुजींना किंवा बाईंना विचारा. शाळेत गोष्टीची पुस्तकं असतात, कधीकधी ती कपाटातच राहतात. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथे बघा. मोबाईलवर स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीत चित्रांच्या गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही मोबाईलवर बघायला मिळतात. विकत घ्यायचं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात.

सजावट

फुगे लागतीलच असं नाही. भिंतीवर एक जुनी नक्षीची साडी ताणून लावा. जुन्या वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं कापून लेकराचं नाव सुतळीवर ओवा. लग्नपत्रिका कुणी टाकून देत नाही, घरात साठलेल्या असतात. त्यांच्या जाड कागदाचे कोल्ह्याचे, वाघाचे मुखवटे करा. डोळ्यांना भोकं, कानाशी दोरा. रंगवायचं काम मुलांवरच सोडा, तो त्यांचा आदल्या दिवसाचा खेळ. मधोमध एक खरा लाल भोपळा आणि त्याच्या बाजूला घरात आहेत नाहीत तेवढी पुस्तकं मांडा. पाठ्यपुस्तकंसुद्धा चालतील.

खाऊ: भोपळ्याचे घारगे

गोष्ट भोपळ्याची, तर खाऊही भोपळ्याचा. वीस मुलांसाठी साधारण १ किलो लाल भोपळा आणि अर्धा किलो गूळ घ्या. भोपळा किसून, गूळ घालून मंद आचेवर शिजवा. गूळ विरघळला, कीस मऊ झाला की खाली उतरवून गार करा. त्यात चिमूटभर मीठ, वेलची, थोडी तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. वरून पाणी घालायचं नाही, भोपळ्याचंच पाणी पुरतं. तेलाचा हात लावून जाडसर थापा आणि मध्यम आचेवर तळा. आच मोठी झाली तर गूळ वरून करपतो आणि आत कच्चं राहतं. सोबत घरचा चिवडा द्या.

केकचा हट्ट असेल तर घारग्यांची चळत रचून त्यासमोर औक्षण करा. आपल्यात दिवा ओवाळतात, विझवत नाहीत, हेही मुलांना सांगा. आणि एक विनंती, औक्षण आजीला करू द्या. ती विधवा आहे म्हणून तिला त्या दिवशी आत बसवू नका. गोष्टीतली म्हातारी हुशार असते, घरातली का बाजूला?

कार्यक्रम दीड तासाचा

पहिल्यांदा गोष्ट. ती आजीने किंवा आईने सांगायची. मुलं मुखवटे घालून कोल्हा, वाघ होतील. आवाज काढा, थांबा, "आता काय होईल?" असं मुलांना विचारा.

मग खेळ. एक मूल एक वाक्य सांगेल, पुढचं मूल गोष्ट पुढे नेईल. म्हातारी भोपळ्यातून मुंबईला गेली तरी चालेल. दुसरा खेळ चित्रांचा. गोष्टीतले सहा प्रसंग सहा कागदांवर काढून मिसळून टाका, मुलांनी ते क्रमाने लावायचे. ज्यांना अजून वाचता येत नाही तीही यात मागे राहत नाहीत.

शेवटी खाऊ. जाताना प्रत्येकाच्या हातात लग्नपत्रिकेच्या कागदाची पुस्तकात ठेवायची खूणपट्टी द्या. वर भोक पाडून लोकरीचा गोंडा लावला की झाली.

"पण मला वाचता येत नाही"

ही अडचण बऱ्याच ताई सांगतात, आणि सांगताना मान खाली घालतात. ताई, मान खाली घालायचं काही कारण नाही. लहान मुलाचं वाचन चित्रांपासून सुरू होतं. पुस्तक उघडा, चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, हे कोण? ते का पळतंय? याच्या हातात काय आहे? मूल बोलायला लागतं. मोठं भावंडं अक्षरं वाचेल, तुम्ही चित्र वाचा. तुम्ही पुस्तक हातात धरलेलं लेकराने बघणं, हीच मोठी गोष्ट आहे.

आणि वाढदिवसाची भेट तर तुमच्याकडेच आहे. तुम्हाला येणारी एखादी गोष्ट, तुमच्या आईने सांगितलेली किंवा तुमच्या लहानपणी घडलेली, मुलाला सांगा. ते लिहील किंवा मोठं भावंडं लिहील. मग त्याचं पुस्तक शिवा. असं:

१. चार कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला. १६ पानं होतात.

२. वरून लग्नपत्रिकेचा किंवा जुन्या खोक्याचा पुठ्ठा घाला.

३. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मधे, एक वर, एक खाली.

४. गोधडीचा दोरा सुईत ओवून आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. वरच्या भोकातून आत घ्या. आतल्या आत खाली नेऊन खालच्या भोकातून बाहेर काढा. परत मधल्या भोकातून आत आणा आणि सुरुवातीच्या टोकाशी गाठ मारा.

५. पानावर खाली दोन ओळी, वर चित्र.

६. पहिल्या पानावर लिहा: गोष्ट सांगणारी, आणि तिथे तुमचं नाव. लिहिणारं आणि चित्रं काढणारं, तिथे लेकराचं नाव. खाली तारीख.

सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर नाव यावं म्हणून आपण भांडतो, ते भांडलंच पाहिजे. हे नाव तर आपल्याच हातात आहे, ते आधी लिहू.

खर्चाचा अंदाज (वीस मुलं)

- लाल भोपळा: ४० रुपये
- गूळ: ३० रुपये
- तेल: ७० रुपये
- चिवड्याचं सामान: १२० रुपये
- कागद, खडू, दोरा: ८० रुपये
- एक नवं पुस्तक: १५० रुपये
- एकूण: ४९० रुपये

कणीक, पिठी घरची धरली आहे. भाव गावागावात थोडे इकडेतिकडे होतील.

एका घरापुरतं नको: पुस्तक भिशी

एकटीने असा वाढदिवस केला तर "पैसे वाचवले" म्हणून कुणीतरी बोलणारच. गटाने मिळून ठरवलं तर तीच पद्धत होते. भिशी आपल्याला नवी नाही. १२ जणींचा गट असेल तर दर महिन्याला प्रत्येकी २० रुपये काढा. महिन्याला २४० रुपये जमतात, वर्षाला २,८८०. त्या महिन्यात ज्या घरी वाढदिवस असेल तिथल्या लेकराच्या पसंतीने पुस्तक आणायचं. पहिला वाचायचा मान त्याचा, नंतर ते पुस्तक गटाच्या पेटीत. ज्या महिन्यात वाढदिवस नसेल त्या महिन्याचं पुस्तक आयांसाठी आणा. ही रक्कम बचतीत मिसळू नका, वही वेगळी ठेवा. वहीत पुस्तकाचं नाव, कुणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं एवढे रकाने पुरेत. वही आणि पेटी गटातल्या सातवी-आठवीच्या मुलीकडे द्या. बघा कशी चोख सांभाळते ते.

अजून एक. वही लिहायला घेतली की एक गोष्ट आपोआप दिसेल, वाढदिवस मुलांचेच होतात की मुलींचेही. काही घरांत मुलाचा वाढदिवस वाजतगाजत आणि मुलीला नुसता नवा फ्रॉक, तोही सणाला. गटाचा नियमच करा, भिशीत मुलगा-मुलगी सारखे. ज्या मुलीची जन्मतारीख घरात कुणालाच नक्की आठवत नाही तिचा वाढदिवस ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला करा. त्याहून चांगला दिवस कुठला?

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या. भिशी सुरू झाली की ग्रामसंघाला कळवा. आणि लेकरांनी शिवलेलं एखादं पुस्तक प्रभागसंघाच्या सभेला जरूर घेऊन या, सगळ्यांना वाचून दाखवू.