रानतुळशीचा चहा

पावसाळा सरला की खडकवासल्याहून सिंहगडाकडे जाताना रस्त्याच्या कडेला बारीक जांभळ्या फुलांची पुरुषभर झुडपे दिसतात. पान चुरगळले की उग्र दर्प येतो. हीच आपली रानतुळस. पुदिन्याच्याच कुळातली, दांडा चौकोनी, पाने समोरासमोर. मूळची मात्र उष्ण प्रदेशातल्या अमेरिकेची. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती माजते.

घोटाळा नावाचा आहे. रामतुळशीलाही पुष्कळ जण रानतुळसच म्हणतात. चहासाठी खरी चांगली ती रामतुळस. तिला लवंगेसारखा वास असतो, कारण लवंगेतले युजेनॉल तिच्या पानांतही असते. चार-पाच पाने उकळत्या पाण्यात टाकून भांडे लगेच खाली उतरवावे व झाकावे, नाहीतर वास उडून जातो. गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

रानातला पाला विकून चार पैसे मिळवणाऱ्या आदिवासी भगिनींना हा फरक महत्त्वाचा. वाळल्यावर दोन्ही पाने ओळखणे कठीण, आणि मूठभर उग्र पाल्याने सगळे पोते नासते. म्हणून पान ओले असतानाच वास घेऊन खुडावे, सावलीत वाळवावे. झाड उपटू नये. शेंडे खुडले की पुन्हा फुटवा येतो.