थेंबाच्या आतली मापे

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, कृतज्ञतेचे लेख असावेत, निकालांचे तक्ते असावेत. त्यांच्या पंगतीत मोजमापांवरील लेख काहीसा परका वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि वसतिगृहातील मुलास ताप आला की पालकांच्या हाती रक्ततपासणीचा जो कागद पडतो, तो वाचताना शिकलेला माणूसही गोंधळून जातो, हे आम्ही दर पावसाळ्यानंतर पाहतो. एका प्रयोगशाळेचा अहवाल प्लेटलेट १.१ लाख सांगतो. दुसऱ्या दिवशी दुसरीचा अहवाल नुसते ११० सांगतो. लाखावरून शंभरावर आले, असे समजून घरात रडारड सुरू होते. वास्तविक दोन्ही आकडे एकच असतात. ते एकच कसे, हे समजून घेण्यासाठी थेंबाच्या आत शिरावे लागते.

आमच्या आजोबांच्या पिढीची सर्वांत लहान मापे घरातच होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर. म्हणजे शेरात निळवी सोळा. हिशेब दुपटीचा आणि निमपटीचा. पण शेर मात्र गावोगाव बदले, आणि जो मोजून घेई त्याच्यापेक्षा जो मोजून देई त्याचे फावे, हे सालदारीवर राबलेल्या घरांना निराळे सांगावयास नको. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धत आणली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. या पद्धतीचा मोठा गुण असा की माप कोणाच्या घरचे नाही. नांदेडचा मिलिलिटर आणि लातूरचा मिलिलिटर एकच.

दशमान मापांत लिटरच्या खाली उतरताना प्रत्येक मोठी पायरी हजाराची आहे. लिटरचा हजारावा भाग मिलिलिटर, त्याचा हजारावा मायक्रोलिटर, त्याचा हजारावा नॅनोलिटर, त्याचा हजारावा पिकोलिटर आणि त्याचाही हजारावा फेम्टोलिटर. मोठ्या मापातून लहान मापात जाताना प्रत्येक पायरीस हजाराने गुणावे, उलट येताना हजाराने भागावे, नियम एवढाच. 'नॅनो' हा शब्द ग्रीक भाषेतील खुजा या अर्थाच्या शब्दावरून आला, तर 'फेम्टो' हा डॅनिश भाषेतील पंधरा या आकड्यावरून, कारण लिटरचा फेम्टोलिटर करताना एकावर पंधरा शून्ये देऊन भागावे लागते.

शून्ये डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत, म्हणून लातूरकरांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीत जितके लिटर, तितकेच मायक्रोलिटर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असतात. एक मायक्रोलिटर म्हणजे एक मिलीमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा ठोकळा. राजगिऱ्याचा दाणा डोळ्यांपुढे आणावा.

येथेच विद्यार्थ्यांची हमखास चूक होते. एका सेंटीमीटरचे दहा मिलीमीटर, म्हणून एका घन सेंटीमीटरचे दहा घन मिलीमीटर, असे नीटची तयारी करणारी मुलेसुद्धा घाईत लिहून जातात. लांबी दहा, रुंदी दहा आणि उंचीही दहा. म्हणून दहा गुणिले दहा गुणिले दहा, एक हजार. घन सेंटीमीटर म्हणजेच मिलिलिटर आणि घन मिलीमीटर म्हणजेच मायक्रोलिटर, एवढी जोडी पक्की झाली की निम्मे काम झाले. फेम्टोलिटर हा मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढी बाजू असलेला ठोकळा होय. गंमत अशी की १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानावरून केली जात होती आणि त्यामुळे मिलिलिटर घन सेंटीमीटरहून दहा लाखांत अठ्ठावीस भागांनी मोठा भरत असे. १९६४ साली हा बारीकसा तंटा मिटला.

आता तो प्लेटलेटचा कागद. जुन्या पद्धतीत 'प्रति घन मिलीमीटर' १.१ लाख लिहितात. काही यंत्रे 'प्रति मायक्रोलिटर' ११० हजार छापतात, त्यातील 'हजार' शब्दाऐवजी दहाचा तिसरा घात बारीक अक्षरांत शेजारी असतो. आणखी काही ठिकाणी 'प्रति लिटर' ११० गुणिले दहाचा नववा घात असे येते. लिटरमध्ये दहा लाख मायक्रोलिटर; म्हणून नवव्या घातातून सहा वजा केले की तिसरा घात उरतो, आणि पुन्हा ११० हजारच. यास्तव दोन अहवालांची तुलना करताना आकड्याआधी त्याच्यापुढचे एकक वाचावे. सर्वसाधारणपणे दीड लाखाहून अधिक प्लेटलेट ठीक मानतात. कमी असल्यास काय करावे हे मात्र डॉक्टरांनीच सांगावयाचे.

घन मिलीमीटर अहवालात आला कोठून? यंत्रे नव्हती तेव्हा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत, आणि लहान गावांतील प्रयोगशाळांत ती कला पुष्कळ काळ टिकली. न्यूबाउअरच्या काचेवर एक चौरस मिलीमीटरचे चौकोन कोरलेले असतात आणि वरच्या काचेखाली ०.१ मिलीमीटर खोल जागा असते. पांढऱ्या पेशींसाठी रक्त वीसपट पातळ करून चार कोपऱ्यांतील चौकोन मोजतात. त्यांचे आकारमान चार गुणिले ०.१, म्हणजे ०.४ मायक्रोलिटर. १४० पेशी दिसल्या, तर १४० ला विसाने गुणून ०.४ ने भागावे, उत्तर ७,०००. तंत्रज्ञ हा सगळा खटाटोप न करता थेट पन्नासने गुणतो, आणि ते पन्नास या हिशेबातूनच आलेले आहेत.

याच कागदावर 'एम.सी.व्ही.' नावाची एक ओळ असते व तिच्यापुढे 'एफ.एल.' छापलेले असते. ते फेम्टोलिटर. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान प्रौढांत साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असते. आमच्या मते सबंध अहवालातील सर्वांत सुंदर पडताळा येथे मिळतो. एका मायक्रोलिटरमध्ये शंभर कोटी फेम्टोलिटर. त्यात पन्नास लाख पेशी, प्रत्येकी ९० फेम्टोलिटरची. गुणाकार पंचेचाळीस कोटी. शंभरात पंचेचाळीस, म्हणजे रक्ताचा ४५ टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलेला, आणि 'पी.सी.व्ही.' च्या ओळीत जवळपास हाच आकडा सापडतो. उलट एखाद्या मुलीच्या पेशी ४२ लाख आणि आकारमान ७० असेल, तर तोच हिशेब २९.४ टक्क्यांवर येतो. लोह कमी पडले की पेशी लहान होतात; शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीचे प्रयोजन तेच आहे, आणि ती गोळी खिशात घालून नंतर टाकून देणाऱ्या मुलींना आम्ही हा गुणाकार फळ्यावर करून दाखवतो. मात्र लोह भरपूर असूनही थॅलेसेमियाच्या वाहकांत पेशी लहान दिसतात. तसेच हा आकडा ठीक आला म्हणून सिकलसेल नाही, असे समजू नये. सिकलसेलची तपासणी वेगळी असते, आणि आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही तो आजार आढळत असल्याने लग्नाआधी ती करून घेणे शहाणपणाचे.

औषधाच्या बाटलीकडे वळू. तान्ह्या बाळाच्या पॅरासिटॅमॉलच्या थेंबांत बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलीग्रॅम औषध असते, तर मोठ्या मुलांच्या एका नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, म्हणजे मिलिलिटरला अवघे २५. तेच १०० मिलीग्रॅम द्यावयाचे, तर थेंबांचे एक मिलिलिटर आणि सिरपचे चार. सिरपचे माप थेंबांच्या बाटलीला लावले की बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. नाव एकच, चवही सारखीच, म्हणून लेबलावरील 'प्रति मिलिलिटर' हे शब्द शोधावेत आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याऐवजी बाटलीसोबतचे ड्रॉपर किंवा टोपण वापरावे.

इन्सुलिनचा प्रकार याहून नाजूक. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही प्रकारची इन्सुलिने मिळतात. पहिल्यात एक युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर, दुसऱ्यात १०. शंभरचे इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजने, तिच्यावरच्या खुणा पाहून भरले, तर प्रत्येक युनिटमागे अडीच युनिट अंगात जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चाळिसाच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभराच्या सिरिंजचे नारिंगी. घरी मधुमेही आजी किंवा आजोबा असतील, तर सुटीत घरी गेलेल्या नातवंडाने बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग एकदा जुळवून पाहावा. जुळत नसेल तर इंजेक्शन न भरता औषध दुकानात जाऊन योग्य सिरिंज आणावी.